थकबाकी

भूषण गवंडी खोली सोडून गेला
तेव्हा दोन महिन्यांचं भाडं द्यायचा होता.
त्याबदल्यात ही पेटी:
नारळाचा भुसा, फुटक्या कुंडीची खापर,
आणि खापरेखाली, माझ्या तळहाताएवढी, केसाळ, ती.
"काकू, हिला फार काही लागत नाही," म्हणाला.
हेच तो खोली घेताना स्वतःबद्दल म्हणाला होता.

थकबाकीतून आली म्हणून ठकी.

आधी मी सगळं चुकवलं.
उंच काचपेटी आणली, माशांची असते तशी,
बिचारीला मोकळं वाटावं म्हणून.
फोटो पाहून भूषणचा लगेच फोन:
"उंची कमी करा. वरून पडली
तर पोट फुटतं तिचं, फुग्यासारखं."
मग भुसा भरला, दाबून दाबून,
जसं साच्यात प्लास्टर भरते मी
बुडबुडा राहू न देता.
(मी कवळ्या करते. दत्तवाडीत, जिन्याखालच्या खोलीत.
निम्म्या पेठांचं हसू माझ्या हातचं आहे.)

पाण्याला औषधाच्या बाटलीचं झाकण.
एप्रिलात एक कोपरा ओला, बाकी कोरडं.
रातकिडे टिळक रोडच्या मागून, डझनाच्या भावाने,
आठवड्याला एक, तिच्या पोटाहून मोठा नाही.
न खाल्लेला सकाळी चिमट्याने बाहेर.
घरातलं झुरळ कधीच नाही,
कुणाकडचं विष खाऊन आलंय कोण जाणे.
आणि हात लावायचा नाही.
एकदा लावला, तर मागच्या पायाने तिने केस उडवले,
मनगट दोन दिवस खाजत होतं.
बरोबर आहे तिचं.
उगाच गाल ओढणाऱ्या मावश्या मलाही आवडत नसत.

ऑगस्टात तिने खाणं टाकलं.
एक आठवडा, दोन, तीन.
पोट काळवंडलं. बिळाच्या तोंडाशी जाळ्याचा पडदा.
"श्रावण आहे, उपास धरला असेल,"
खळदकरबाई दारातूनच म्हणाल्या,
त्या आत येत नाहीत हल्ली.

मग एका संध्याकाळी ठकी उताणी.
आठही पाय छताकडे.
मी झाकणाला हात घातला होता,
फोनवर भूषण ओरडला:
"मेलेला कोळी पाय आत मिटतो, काकू!
ही कात टाकतेय. दिवा बंद करा. हलवू नका."

आणि नेमकी तेव्हाच गल्लीत घरघर.
डासांसाठी धूर मारणारा, खांद्यावर मशीन,
पांढरा लोट खळदकरांच्या कट्ट्यापर्यंत आलेला.
डासाचं औषध ठकीला कसं सोसणार?
मी अनवाणी धावले.
"इथे नको, दादा. घरात बाळंतीण आहे."
त्याने मशीन बंद केलं. घाम पुसला.
दोन घरं सोडून पुढे गेला,
जाता जाता वळून विचारलं,
"मुलगा की मुलगी?"

"मुलगी," म्हणाले मी.

तरी उंबऱ्याशी ओले टॉवेल लावले,
आणि अंधारात बसून राहिले,
कुणाच्या तरी दवाखान्यात बसावं तशी.

सकाळी पेटीत दोघी.
एक पोकळ, उलटून टाकलेल्या हातमोज्यासारखी.
दुसरी ओली, फिकी, थकलेली,
आणि तिचे सुळे पांढरेशुभ्र,
मऊ.
तीस वर्षं दात करते आहे,
इतके नवे पाहिले नव्हते.
ते लाल होतील, मग काळे. तोवर उपाशी ठेवायचं;
आत्ता रातकिडा सोडला
तर तोच हिला कुरतडेल.

अकराला घैसास मास्तर आले, नवी कवळी बसवून घ्यायला.
आरशात हसून पाहिलं, मग हळूच,
"चिक्की कधी खाऊ?"
"दहा दिवस मऊ भात," मी म्हटलं,
आणि माझी नजर पेटीकडे गेली.
त्यांना वाटलं घड्याळाकडे. ते उठले.

काल भूषणने भाडं पाठवलं. दोन्ही महिन्यांचं.
खाली लिहिलंय, नोकरी लागली,
ठकीला न्यायला रविवारी येऊ का?

अजून उत्तर दिलेलं नाही.
सुळे काळे झालेत,
रातकिडे आणायचेत.